कारखान्यातील जुन्या लाकडी पेट्या घरात आणताना

नाशिकच्या सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांच्या गोदामांतून निघणाऱ्या जुन्या लाकडी पेट्या आता केवळ जळणासाठी विकल्या जात नाहीत. पुस्तके, खेळणी, कुंड्या आणि कांदे-बटाटे ठेवण्यासाठी लोक त्या हौसेने घरी नेतात. त्यासंबंधी आलेल्या पत्रांची संख्या वाढल्याने या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि वाचकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : सातपूरमधील एका बंद पडलेल्या कारखान्याचे सामान विक्रीस निघाले, तेव्हा मी यंत्रांचे सुटे भाग ठेवण्याच्या तीन पेट्या घेतल्या. विकणाऱ्याने त्या ‘साठ-सत्तर वर्षांच्या’ असल्याचे सांगितले. त्यांतील एकीवर गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह असून शेजारी ‘आयएन’, काही आकडे आणि ‘एचटी’ अशी अक्षरे डागलेली आहेत. पेट्या खरोखर तितक्या जुन्या आहेत का, आणि घरात ठेवायला त्या सुरक्षित आहेत का? — एक वाचक, सातपूर

उत्तर : लोंबीचे चिन्ह असलेली पेटी साठ वर्षांची असूच शकत नाही. लाकडी वेष्टनांबरोबर एका देशातील कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली जो आंतरराष्ट्रीय नियम ठरला, त्यानुसार प्रक्रिया केलेल्या लाकडावरच हा शिक्का मारला जातो. ‘आयएन’ म्हणजे भारत, पुढचे आकडे म्हणजे प्रक्रिया करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, आणि ‘एचटी’ म्हणजे लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे ठेवून केलेली उष्णतेची प्रक्रिया. विकणाऱ्याने वयाच्या बाबतीत आपल्याला फसवले असेल किंवा त्यालाच ते ठाऊक नसेल. पण प्रक्रियेचा विचार करता तिन्ही पेट्यांत हीच सर्वांत निर्धोक आहे. त्याच जागी ‘एमबी’ अशी अक्षरे असती, तर लाकडाला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली आहे असा त्याचा अर्थ झाला असता. हा वायू कालांतराने उडून जातो, हे खरे. तरीही अशी पेटी स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या खोलीत ठेवू नये असेच मी सांगेन, कारण इतर पेट्या मुबलक मिळत असताना ती जोखीम घेण्याचे कारण नाही.

उरलेल्या दोन पेट्यांचे वय त्यांच्यावरील मजकुरातून बरेचसे कळू शकेल. पेटी सकाळच्या कोवळ्या उन्हात तिरपी धरून पाहावी. समोरून न दिसणारी, स्टेन्सिलने छापलेली अक्षरे तिरक्या प्रकाशात उठून दिसतात. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, म्हणजे ‘नाशिक ४२२ ००७’ असे काही लिहिलेले असेल, तर पेटी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची आहे, कारण पिनकोडची पद्धत त्या दिवशी सुरू झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचीच स्थापना १९६२ सालची असल्यामुळे महामंडळाच्या सातपूर वसाहतीचा पत्ता असलेली कोणतीही पेटी त्याहून जुनी असणार नाही. देशी मालाच्या पेटीवर वजन पौंडांत किंवा मणांत असेल तर ती बहुधा १९६० च्या आसपासची किंवा त्याआधीची समजावी, कारण दशमान पद्धतीची वजने-मापे आपल्याकडे १९५८ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने रूढ झाली. आयात यंत्रांच्या पेट्यांना मात्र हा निकष लावता येत नाही. तेथे देशाचे नाव पाहावे. ‘वेस्ट जर्मनी’ असे छापलेली पेटी १९४९ ते १९९० या दरम्यानची असते. ओझरचा विमान कारखाना सोव्हिएत सहकार्याने १९६० च्या दशकात उभा राहिला, तेव्हा आपल्या जिल्ह्यात रशियन लिपीतील अक्षरे असलेली एखादी पेटी हाती लागली तर त्यात नवल वाटू नये. मजकूर अजिबात नसेल, तर वयाचा दावा ऐकून घ्यावा आणि पैसे केवळ लाकडाचे द्यावेत.

सुरक्षिततेच्या बाबतीत पेटीचे वय फारसे महत्त्वाचे नाही. तिच्यातून काय वाहून नेले जात होते हे महत्त्वाचे आहे. पेटी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिवसभर उन्हात ठेवावी आणि संध्याकाळी पिशवी उघडताच वास घ्यावा. यंत्रांच्या भागांना गंज लागू नये म्हणून लावलेल्या तेलाचा वास आल्यास हरकत नाही. डागांवर खडूची भुकटी थापून ठेवली आणि दोन-तीनदा बदलली, तर ती बरेचसे तेल शोषून घेते. आम्ल, कीटकनाशक किंवा डांबरासारखा उग्र वास आला तर पेटी घरात घेऊ नये. लाकडावर मुळातली हिरवट छटा दिसली तरी सावध व्हावे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण लाकडात मुरवून ते टिकाऊ करण्याची पद्धत १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोन्ती कामेशम यांनी शोधली व पुढे ती जगभर वापरली गेली. असे लाकूड कापू किंवा घासू नये, आणि त्याचे तुकडे बंबात तर मुळीच घालू नयेत.

प्रश्न : द्राक्षांच्या जुन्या पेट्यांसारखी एक पेटी मी बैठकीच्या खोलीत ठेवली आहे. तिच्याखाली रोज मैद्यासारखा बारीक भुगा पडतो. ही वाळवी आहे का? शेजारीच सासूबाईंचे सागवानी कपाट आहे, त्याला धोका आहे का? — एक वाचिका, पिंपळगाव बसवंत

उत्तर : वाळवी नसावी. वाळवी मातीच्या नळ्या करत येते आणि लाकूड आतून पोखरत असताना बाहेर असा भुगा सांडत नाही. तशा नळ्या दिसल्या तर प्रश्न पेटीचा नसून घराचा आहे असे समजून जोत्यापासून उपाय करावा लागतो. बोटांवर चोळल्यावर टाल्कम पावडरसारखा लागणारा भुगा आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे ही लाकडातील भुंगेऱ्याची खूण आहे. त्याची अळी लाकडाच्या बाहेरच्या, फिकट रंगाच्या, पिष्ट असलेल्या भागावर जगते. फळांच्या पेट्या आंब्यासारख्या स्वस्त लाकडाच्या केलेल्या असत आणि त्यांत हाच भाग अधिक असल्यामुळे त्या लवकर भुंगतात; चिडाच्या (पाइनच्या) लाकडाला हा किडा सहसा लागत नाही.

कीड जिवंत आहे की भुगा जुनाच झडतो आहे, हे आधी पाहावे. पेटी झटकून काळ्या कागदावर ठेवावी व छिद्रांभोवती पेन्सिलीने खूण करावी. आठवडाभरात कागदावर नवे ढीग दिसले किंवा खुणांबाहेर फिकट कडांची ताजी छिद्रे दिसली, तर कीड जिवंत आहे. तोवर पेटी गच्चीत ठेवावी. सागाच्या गाभ्याला हा किडा लागत नाही, आणि पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर मादीला अंडी घालता येत नाहीत. त्यामुळे कपाटाच्या दर्शनी बाजूंची काळजी नको. कपाटाची पाठ आणि तळ मात्र पाहावा, कारण पॉलिश न केलेल्या त्या भागांत सागाच्या कडेचा पांढरा भाग वापरलेला असण्याची शक्यता असते.

घरगुती उपाय म्हणून एक लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम टंकणखार आणि २० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ते द्रावण कोऱ्या लाकडावर ब्रशने दोन-तीन वेळा, आधीचा हात ओलसर असतानाच लावावे. रंग किंवा पॉलिश असलेल्या लाकडात ते मुरत नाही, आणि पावसात ठेवलेल्या पेटीतून धुऊन जाते. हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे, आणि अशी पेटी पुढे खाण्याच्या वस्तूंसाठी वापरू नये. पेटी पूर्ण वाळल्यावर सर्व बाजूंनी, तळासह, पॉलिशचा हात द्यावा. आपल्याकडे अनेक जण छिद्रांत रॉकेल ओततात. रॉकेल उडून जाते, खोलवरची अळी जिवंत राहते आणि घरात आगीचे निमित्त तेवढे वाढते. नुसत्या उन्हानेही काम होत नाही. नाशिकचा उन्हाळा कितीही कडक वाटला तरी लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांची उष्णता टिकून राहील याची खात्री देता येत नाही. पेटीची फळी अंगठ्याने दाबल्यावर आत जात असेल, तर उपाय करत बसू नये. ती टाकून द्यावी.

प्रश्न : आमचे घर गोदाघाटाजवळच्या जुन्या वाड्यात आहे. भिंती माती-विटांच्या आणि हातभर जाड आहेत. चार पॅकिंगच्या पेट्या भिंतीवर आडव्या ठोकून पुस्तकांचे शेल्फ करावे असा मुलाचा विचार आहे. सुतार तयार आहे, पण मला धीर होत नाही. — एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : आपली शंका रास्त आहे. भिंत जाड असली म्हणजे ती खिळा धरते असे नाही. मातीच्या लिंपणात बसवलेला प्लग भार पडताच चुरा होऊन सैल पडतो. पुस्तकांचे वजन फुटाला साधारण आठ ते दहा किलो भरते, म्हणजे दोन फुटी पेटी भरली की वीस किलोचा भार पेटीच्या वजनाखेरीज भिंतीवर येतो. या पेट्या जमिनीवरूनच रचाव्यात.

त्यातही एक गोष्ट सुताराला दाखवून द्यावी. पॅकिंगची पेटी तळावर भार घेण्यासाठी बनवलेली असते. ती आडवी केली की तळ पाठीला जातो आणि आजवर केवळ आधारासाठी असलेली बाजूची फळी अचानक भार घेऊ लागते. ती फळी ज्या खिळ्यांवर टिकून असते, ते शेजारच्या फळीच्या टोकात, म्हणजे रेषांच्या दिशेने, घुसवलेले असतात आणि त्या दिशेने लाकडाची पकड कमी असते. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात आतून एक-एक इंची चौकोनी पट्टी बसवून ती दोन्ही फळ्यांना स्क्रूने जखडावी. मूळचे गंजलेले खिळे उपटण्याचा अट्टहास करू नये; उपटताना फळी चिरते. वर आलेले खिळे ठोकून आत बसवावेत. पेटी हलकी व्हावी म्हणून पाठीची फळी काढून टाकण्याची जी टूम निघाली आहे, तिला बळी पडू नये, कारण पेटीला तिरपे होण्यापासून तीच फळी रोखते.

तीनपेक्षा अधिक थर चढवू नयेत. जड ग्रंथ खाली ठेवावेत आणि पेट्या एकमेकींना नट-बोल्टने जोडाव्यात. वाड्याला लाकडी खांब आणि तुळया आहेत, हे आपले भाग्य समजावे. सर्वांत वरची पेटी भिंतीला न बांधता खांबाला लोखंडी पट्टीने बांधली तर ओढल्यावरही ती पुढे येणार नाही. नदीकाठच्या घरांत पावसाळ्यात फरशीतून ओल चढते, म्हणून खालच्या पेटीखाली दोन इंची ठोकळे आणि पाठीमागे दोन बोटे मोकळी जागा ठेवावी. लाकूड ओलीने लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र फुगते. त्यामुळे पेट्या दोन खांबांच्या मध्ये घट्ट कोंबू नयेत.

सिमेंट काँक्रीटच्या नव्या सदनिकेत पेटी टांगायचीच असेल, तर एक फळी ४५ अंशांत उभी चिरून दोन पट्ट्या कराव्यात. एक भिंतीवर आणि दुसरी पेटीच्या पाठीवर बसवून एकीवर दुसरी अडकवली की भार संपूर्ण लांबीवर वाटला जातो.

प्रश्न : पेटीवरचा जुना रंग आणि काळी अक्षरे घासून काढावीत, की तशीच ठेवावीत? घरातील मंडळींना ती अस्वच्छ वाटतात. — गंगापूर रोड, कॉलेज रोड व इंदिरानगर येथील वाचक

उत्तर : तशीच ठेवावीत. घासून, लांबी (पुटी) भरून, वार्निश मारून चकचकीत केलेली पेटी बाजारात नव्यानेच मिळते आणि ती जुन्या पेटीपेक्षा सुबकही असते. मग जुनी घेण्याचे प्रयोजन काय? हा माझ्या आवडीचा भाग झाला. दुसरे कारण आवडी-निवडीचे नाही. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा अधिक नसावे, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल, नारिंगी आणि हिरव्या रंगांत, शिसे असण्याची शक्यता बरीच असते, आणि ते काचपेपरने कोरडे घासले की त्याची धूळ घरभर पसरते. रांगणाऱ्या मुलाला याचा सर्वाधिक धोका असतो.

अस्वच्छता आणि जुनेपणा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरच्या मंडळींना पेटी धुऊन दाखवून पटवता येईल. आधी मऊ ब्रशने कोपऱ्यांतील धूळ काढावी. मग सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने एकेक फळी पुसावी. पाणी ओतू नये, फळ्या वाकतात. रंगाचे पोपडे सुटत असतील, तर तो भाग ओला करून ओल्या पॉलिश पेपरने हलकेच सपाट करावा आणि निघालेला चिखल कागदात गुंडाळून टाकावा. हाताला कुसळे लागतात त्या कडा आणि हात घालण्याची खाच एवढ्याच जागा घासाव्यात. गंजलेला खिळा लागून जखम झाल्यास आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन बराच काळ लोटला असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

रंगावर आणि अक्षरांवर पातळ आवरण म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख उत्तम, कारण ती वासही दाबते. पण काही स्टेन्सिलची शाई स्पिरिटने फुटते, म्हणून आधी एका अक्षराच्या टोकावर, तळाच्या बाजूला, थेंबभर लावून पाहावे. शाई फुटली तर मेणाचे पॉलिश वापरावे. कोऱ्या लाकडाला उकळलेले जवसाचे तेल चांगले दिसते. मात्र त्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती साठून फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती अंगणात सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

प्रश्न : आजोबांच्या छापखान्यातील खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, ठेवण्याच्या दोन केसेस (कप्प्यांचे लाकडी खण) माळ्यावर सापडल्या. बारीक कप्प्यांमुळे त्या भिंतीवर फार सुंदर दिसतील. सूनबाई म्हणते, एकीचा मसाल्यांसाठी उपयोग करू. — एक वाचिका, रविवार कारंजा

उत्तर : मसाल्यांसाठी कदापि नाही. छपाईचे खिळे शिसे, अँटिमनी आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे असतात आणि अनेक वर्षांच्या वापराने त्यांची धूळ कप्प्यांच्या सांध्यांत बसलेली असते. केस झटकू नये, फुंकू नये आणि घरातील साध्या व्हॅक्यूम क्लीनरने साफ करू नये, कारण अतिसूक्ष्म धूळ त्याच्या पिशवीतून पुन्हा हवेत येते. मास्क आणि हातमोजे घालून, घराबाहेर, ओल्या फडक्याचे तुकडे काडीला गुंडाळून एकेक कप्पा पुसावा. ते तुकडे धुऊन पुन्हा वापरू नयेत. वाळल्यावर कप्प्यांच्या आत चपडा लाखेचे दोन हात द्यावेत.

इतके केल्यावर मात्र ती वस्तू भिंतीवर मानाने लावण्याजोगी आहे. देवनागरीला जोडाक्षरे, वेलांट्या आणि उकार यांसाठी शेकडो खिळे लागत, म्हणून मराठी छापखान्यांत एका टाइपासाठी अनेक केसेस जुळाऱ्याभोवती, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगाराभोवती, मांडलेल्या असत. सगळे कप्पे सारखे नसतात, हेही पाहावे. जे अक्षर वारंवार लागे त्याचा कप्पा मोठा आणि जुळाऱ्याच्या हाताजवळ असे. एखाद्या कप्प्यावर अक्षराची चिठ्ठी चिकटलेली असेल तर ती काढू नये. सुटलेल्या पट्ट्या सरसाने चिकटवाव्यात, म्हणजे पुढे कोणाला दुरुस्ती करायची झाल्यास त्या कोमट पाण्याने सोडवता येतील. काच लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर केस टांगावी.

प्रश्न : झाकण असलेली मोठी पेटी खेळण्यांसाठी चालेल का? — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : झाकण काढून टाकल्यास चालेल. जड झाकण मुलाच्या मानेवर किंवा बोटांवर पडते आणि लपाछपीत मूल आत शिरले तर ते आतून उघडत नाही. झाकण ठेवायचेच असेल, तर कडी-कोयंडा काढावा, झाकण मध्येच अडून राहील अशी दांडी बसवावी आणि पेटीच्या दोन बाजूंना हवेसाठी छिद्रे पाडावीत.

प्रश्न : फटी असलेल्या पेट्या स्वयंपाकघरात कशासाठी वापराव्यात? डाळ-तांदूळ ठेवता येतील का? — एक वाचिका, अंबड

उत्तर : डाळ-तांदूळ नकोत. फटींतून सोंडे शिरतात आणि जुन्या लाकडाचा वास धान्याला लागतो. पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा पेटीत ठेवून पेटीचा उपयोग केवळ बाहेरच्या शोभेसाठी करावा. कांद्यासाठी मात्र फटींची पेटी फार सोयीची आहे. आपल्या जिल्ह्यातील कांदाचाळीचे तंत्र हेच आहे: तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना फटी आणि खालून-बाजूंनी खेळती हवा, ज्यामुळे उन्हाळी कांदा पावसाळा संपेपर्यंत टिकतो. पेटीखाली विटा ठेवाव्यात, कांद्याचा थर फूटभरापेक्षा उंच करू नये, आणि आठवड्यातून एकदा हात घालून तळाचा मऊ पडलेला कांदा काढून टाकावा. अन्नासाठीची पेटी निवडताना मूळ माल फळांचा किंवा चहाचा असल्याची खात्री करून घ्यावी, आणि तिला रंग किंवा औषध काहीही लावू नये. बटाटे दुसऱ्या पेटीत, थोडे दूर आणि अंधारात ठेवावेत. कांद्याशेजारी त्यांना लवकर कोंब येतात.